कावा छापायच्या आधी

"मावशी, 'कावा मतलब धोखा', ये आपने कहाँ से लिया?"

फोनवर श्वेता होती. सकाळचे दहा वाजले होते, माझा दुसरा चहा व्हायचा होता, आणि प्रश्न मला मुळीच आवडला नाही.

श्वेता आमच्या कॉलनीतली पोट्टी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. नवा रायपुरातल्या एका खासगी संग्रहालयात लागून तिला पाच महिने झाले होते. तिथे शाळकरी मुलांसाठी युद्धातल्या शब्दांचं प्रदर्शन लागणार होतं. व्यूह, मोर्चा, रसद. एकेक शब्द आणि त्याचा अर्थ, सहा फुटी पॅनलवर हिंदीत. 'गनिमी कावा' माझ्याकडे आला, कारण मी निवृत्त अनुवादक. आणि त्याहून मोठी पात्रता म्हणजे मी मराठी. रायपुरात एवढं पुरतं. मराठी माणसाने सांगितलेल्या मराठी शब्दावर इथे कुणी शंका घेत नाही. तो माणूस स्वतःही घेत नाही, ही खरी पंचाईत.

मी लिहून दिलं होतं: गनीम म्हणजे शत्रू, कावा म्हणजे धोखा, म्हणून गनिमी कावा म्हणजे शत्रूला दिलेला धोखा. दहा मिनिटांचं काम. शब्दकोश उघडलाही नव्हता.

"कुठून घेतलं म्हणजे? मले माहीत आहे," मी म्हटलं.

"कर्नल साहब आपसे बात करेंगे."

कर्नलसाहेब संग्रहालयाचे सल्लागार. तरुणपणी फौजेत घोडे शिकवलेले. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, हमारे उस्ताद घोड़े को कावा देते थे. गोल-गोल घुमाते थे. घोड़े को कौन धोखा देता है?"

बघून सांगते म्हणून फोन ठेवला आणि कपाटावरचा जाड कोश उतरवला. त्यावरची धूळच सगळं सांगत होती. कावा: घोड्याला रिंगणात फिरवणं. हा पहिला अर्थ. फसवणूक, डाव वगैरे त्याच्या खाली. मग गनीम पाहिला. अरबी-फारसीतून आलेला, अर्थ शत्रूच. पण कुणाचा शत्रू? मुघलांच्या कागदांत मराठ्यांनाच गनीम म्हणत. म्हणजे शत्रूला दिलेला धोखा नव्हेच. या 'गनिमांची' लढायची रीत. समोर यायचं, भिडल्यासारखं करायचं, घोडं वळवून बाजूने निघायचं आणि मागची रसद तोडायची. नाव समोरच्यांच्या तोंडचं, आपण ते अभिमानाने लावून घेतलं. आणि एवढं कसब मी 'धोखा' या एका शब्दात गुंडाळून टाकलं होतं. मला खरंच लाज वाटली.

श्वेताला सांगितलं तर ती रडकुंडीला आली. "मावशी, वो तो परसों प्रिंट में चला गया. कल उद्घाटन है. मैंने डायरेक्टर सर को लिखकर दिया है, सब चेक्ड है. अगले महीने मेरा कन्फर्मेशन है."

तिने काही तपासलं नव्हतं. मावशींचं मराठी काय तपासायचं, असं तिला वाटलं. माझ्या दहा मिनिटांपायी पोरीची नोकरी जाते की काय, असं झालं.

"काहून घाबरून राहिली? मी जाते," मी म्हटलं. घाबरले मीही होते.

गोल बाजारामागे वानखेडेभाऊंचा छापखाना आहे; सगळी पॅनल्स तिथेच छापायला दिली होती. त्यांचा एक जुना दंडक. लिहिणाऱ्याने स्वतः यायचं, उभं राहून प्रूफ मोठ्याने वाचायचं आणि त्यावर पेनाने सही करायची. मोबाइलवरचा ओके चालत नाही. दोन दिवस त्यांचे फोन येत होते. "भाऊ, तीस वर्षं हेच केलं मी, छापून टाका," असं मी पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन उचललाच नाही.

रिक्षातून उतरल्या उतरल्या विचारलं, "भाऊ, गनिमी कावा छापला का?"

"कसा छापीन? तुम्ही वाचाले आल्या कुठं?" ते वैतागून म्हणाले. "बाकी सगळे झाले. तुमचाच अडकून राहिला."

मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले आणि हसायलाच लागले. त्यांना वाटलं, उन्हाने झालं असेल. त्यांनी पाणी मागवलं.

पाणी पिऊन मी काउंटरवरच नवा मजकूर लिहिला. भाऊंनी टाइप करून प्रूफ काढलं. मग मी उभी राहून, शाळेतल्यासारखं, मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांबा. घोडा कुठून आला? मागच्यात तर धोखा होता."

मी सगळं समजावून सांगितलं.

"मग हेच आधी काहून नाही लिहिलं?"

मी पेन मागितलं आणि सही केली. मशीन सुरू झाल्याचा आवाज श्वेताला फोनवर ऐकवला. हिंदी सोडून ती चक्क आपल्या बोलीत म्हणाली, "हव, मावशी."

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांनी पॅनल दोनदा वाचलं आणि मान डोलावली. पुढच्या महिन्यात श्वेता नोकरीत पक्की झाली, पेढे घेऊन आली.

अनोळखी शब्द अनुवादकाला सहसा फसवत नाहीत, कारण ते आपण शोधतोच. मी आता ओळखीचे शब्दही शोधते. आणि वानखेडेभाऊंचा फोन पहिल्या रिंगला उचलते.