डावीकडचं दुखणं, उजवीकडचे टाके

"ह्या लोकांना डावं-उजवं कुठे कळतं?"

डॉक्टर हे माझ्यासमोर बोलला. विमा कंपनीच्या साहेबाला. मी त्याच केबिनमध्ये भिंतीला टेकून उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मला कोणी बस म्हटलं नव्हतं. साहेब हसला. डॉक्टरही हसला. आणि पलीकडच्या खोलीत माझा घोव, माझा नवरा, खाटेवर पडलेला. दुखणं डावीकडे, टाके उजवीकडे.

माझा घोव रापणकर. होडीने समुद्रात जाळं सोडायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोरी धरून माणसांनी ते ओढायचं, ती रापण. ओढून ओढून त्यांच्या डाव्या जांघेत गाठ आली. हर्निया. खोकला आला तरी कळवळायचे. मी बाजारात मासे विकते. हा डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक. मला वहिनी म्हणायचा. हायवेलगत त्याने इस्पितळ उघडलं तेव्हा चांगली मोठी सुरमई मी स्वतः नेऊन दिली होती, पैसे न घेता. घरात आम्ही त्याला "आपलो डॉक्टर" म्हणायचो. लोक ऑपरेशनला गोव्याला जायचे, आम्ही त्याच्याकडे गेलो. मच्छीमार सोसायटीतून आमचा सगळ्यांचा इस्पितळाचा विमा उतरवला होता. कार्ड दाखवायचं, पैसे कंपनी देणार.

ऑपरेशन झालं. घोव शुद्धीवर आले, हात खाली नेऊन चाचपलं आणि म्हणाले, "गो, पट्टी उजवेकडे कित्या?"

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. नर्सला बोलावलं, तर ती माझ्याकडे न बघता सलाईन बघत बसली. मग डॉक्टर आला. घाबरला होता, मला दिसलं ते. पण आवाज गोड. "वहिनी, उजवी बाजू पण कमजोर होती, म्हणून ती आधी केली. डावी नंतर करू. कंपनीचा माणूस चौकशीला येणार आहे. त्याला फक्त सांगा, दोन्हीकडे दुखत होतं. सगळं कार्डावर होईल."

घोव म्हणाले, "दोनूय बाजूक दुखता म्हणान सांग. आपलो डॉक्टर आसा तो."

खरं सांगते, मी खोटं बोलायला तयार होते. घोवाची डावी बाजू बरी व्हायला हवी होती मला, दुसरं काही नको होतं. चूक माणसाच्या हातून होते. आमच्या नाय होत? त्याने हात धरून "वहिनी, चुकलो" म्हटलं असतं, तर मी गिळलं असतं सगळं. केबिनमध्ये गेले ती खोटं बोलायलाच. साहेबाने विचारलं, "दुखत कुठे होतं?" मी जरा थांबले. खोटं जिभेवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात डॉक्टर बोलला ते वाक्य. डावं-उजवं.

मग मी सांगितलं. "डाव्याक. फक्त डाव्याक. उजव्या बाजूचा माझ्या घोवान कधी नाव पण काढूक नाय."

डॉक्टरचं हसू गेलं. साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "मग हे आमच्या नियमात बसत नाही. टाळता येण्यासारखी चूक आहे. चूक इस्पितळाची, तर इस्पितळाला पैसे नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. हा नियम मला नवा नव्हता. आमच्या रापणीतही हाच. कोणाच्या बेफिकिरीने दोरी सुटली आणि जाळं फाटलं, तर त्या दिवसाचा त्याचा वाटा बंद. आणि जाळं त्यानेच शिवायचं, किनाऱ्यावर, वाळूत बसून, सगळ्यांच्या देखत. मला वाटलं, शिकलेल्या लोकांतही न्याय आहे म्हणायचा.

संध्याकाळी काउंटरवर बोलावलं. "कंपनीने नाकारलं. बिल तुम्ही भरायचं. भरेपर्यंत पेशंट सोडणार नाही."

मी धावत खाली गेले. साहेब गाडीत बसत होता. म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणालात चूक त्यांची."

"हो. म्हणून आम्ही देत नाही. ते तुमच्याकडून घेतात का, तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न."

"आणि डाव्या बाजूचं?"

"वाद मिटेपर्यंत कार्ड चालणार नाही."

गाडी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी खरं बोलले आणि खऱ्याचं बिल माझ्याच नावावर फाडलं. कंपनीने हात झटकले. आणि ज्याला मी घरचा समजत होते, त्याने केसाने गळा कापला. मी त्या आवारात उभी राहून रडले. दुःखाने नाही, संतापाने.

डोळे पुसले आणि वर गेले. घोवाला उठवलं. त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि बाहेर आणलं. बाहेरच्या बाकांवर पेशंट भरलेले. गेटवरचा माणूस आडवा आला. मग मी माझा बाजारातला आवाज काढला. ह्या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाला ऐकू जातो तो आवाज.

डॉक्टर धावत आला. "वहिनी, आत या, बसून बोलू."

"आत नाय. हयसरच. दुखणा डावीकडे, कापलास उजवीकडे. आणि त्याचे पैसे आमी देवचे?"

बाकावरची एक म्हातारी उठली आणि नातवाला घेऊन चालती झाली. डॉक्टरने गेटवाल्याला हाताने खूण केली. तो बाजूला झाला.

घोव रिक्षात तोंड फिरवून बसले. त्यांना लाज वाटत होती, चारचौघांत त्यांच्या जांघेचं दुखणं मी ओरडून सांगितलं म्हणून. मला वाईट वाटलं. पण माफी मागितली नाही.

डावी बाजू पुढे गोव्याच्या सरकारी इस्पितळात झाली. नंबर लागेपर्यंत पावसाळा गेला. तेवढे दिवस ते गाठ हाताने दाबून चालत होते. आता दोन्हीकडे टाके आणि दोरीला हात लावायची ताकद गेली. रापणकर त्यांचा वाटा अजून घरी पाठवतात. बसून खाताना त्यांची मान खाली जाते. ती मान मी रोज बघते.

आम्ही ओरोसला, जिल्ह्याच्या ग्राहक कोर्टात, तक्रार केली आहे. तारखा पडतात. मध्ये डॉक्टरचा माणूस आला होता. बिल माफ, वर थोडे पैसे, फक्त तक्रार मागे घ्या. घोव म्हणाले, "घे गो, मिटव." मी त्या माणसाला चहा दिला आणि परत पाठवला.

डॉक्टरला मी आता अहो-जाहो करत नाही. कोणाला "आपलो" म्हणत नाही. वाडीतलं कोणीही ऑपरेशनला निघालं की मी सोबत जाते आणि दारातच विचारते, खंयची बाजू? नर्सा तोंड वाकडं करतात. करू देत.

पैसे घेऊन गुपचूप मिटवायचं नाही मला. दोरी त्याने सोडली. जाळं त्यानेच शिवायचं. वाळूत बसून, सगळ्यांच्या देखत. तोपर्यंत मी ओरोसची एकही तारीख चुकवणार नाही.