टेकडीवरची घंटा

योसेफनाना गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं, त्यांच्या मुलीच्या, मार्थाअक्काच्या फोनवरून. "सकायपाईन घंटा वाजाडी भाऊ, पन कोनीच उनं नही," ती म्हणाली. शेवटी तीच घरोघर सांगत फिरली. त्या घंटेची वाट मीच लावली होती.

सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकडीवरचं ते चर्च म्हणजे जेमतेम वीस माणसांची जागा. उन्हाळ्यात हवापालटाला येणाऱ्या गोऱ्या पाद्र्यांनी बांधलेलं. ते गेले, नाना राखणदार झाले, आणि पुढं मी शिंदखेड्याहून जीप भरभरून पर्यटक आणू लागलो. नाना प्रत्येकाला माठातलं पाणी द्यायचे. गावाची रीत मला ठाऊक होती. वणवा लागला, कोणी हरवलं, कोणी गेलं, तरच घंटा वाजायची आणि हातचं काम टाकून सगळे वर धावायचे. तरी मी पर्यटकांना ठोकून दिलं, "घंटा वाजवा, मनातलं मागा, मिळतंच!" देवळात शिरताना वाजवतोच की आपण, हे माझं शहाणपण!

पहिल्यांदा निंदणी सोडून माणसं धापा टाकत आली. नानांनी सगळ्यांना चहा पाजला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, असं तीनदा व्हयनं ना, मंग चौथ्यांदा कोनी येवाव नही." मी हो-हो केलं आणि घरी जाऊन 'घंटा वाजवा, मनातलं मागा' हेच मोबाइलवर सगळ्यांसाठी लिहून टाकलं. गाढव कुठला! नानांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. चार शिव्या तरी घालायच्या होत्या.

आता होळी तोंडावर आलीय, रान वाळून खडखडीत झालंय. माझं लिहिणं मी पुसलं, पण ते कितीजणांनी उचललंय, देव जाणे. दोर काढून टाकावा, तर खरंच वेळ आली तर?... जीप बंद केली. दर रविवारी पायऱ्यांवर बसतो आणि घंटा वाजवू नका म्हणून येणाऱ्याला हात जोडतो.

गेल्या रविवारी उशीर झाला. पायथ्याशीच घंटा ऐकू आली. शेतात बायका हरभरा उपटत होत्या. एकीनंही मान वर केली नाही. मी धावत चढलो. वर धुळ्याचं एक कुटुंब फोटो काढत होतं. जीव भांड्यात पडला. उतरताना बांधावरच्या म्हातारीनं विचारलं, "इतला कसाले पयना रे भाऊ? ती ते रोजच वाजस."