तारेनं बांधलेली पिन
ताज्या तोडलेल्या उसाचा वास आला की मला उंब्रजजवळचा तो चढ आठवतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणाऱ्या पिनेची क्लिप सकाळी फडात कुठंतरी पडली होती, म्हणून मी पिन तारेनं बांधली. फौजेतून सुट्टीवर आलेला थोरला भाऊ म्हणाला, "नवी क्लिप आणूया रं, तार टिकायची न्हाई." मी म्हणालो, "कारखाना काय लांब न्हाई, दादा." चढावर तार तुटली, पिन उडाली आणि भरलेली ट्रॉली मागं घरंगळली. मागून मोटारसायकलवर दादाच येत होता. त्याचा पाय गुडघ्यातून काढावा लागला, फौजही सुटली. आता तो दिवसभर अंगणात बसून असतो. कुणी विचारलं तर सांगतो, "माझंच ध्यान नव्हतं." मी शेजारीच असतो, पण खरं सांगायला माझं तोंड उघडत नाही.