मंदाकिनीकाकूंची फर्माइश

रेडिओवर एका संध्याकाळी दहाच गाणी, तीही लोकांच्या सर्वांत आवडीची, आणि रोज तीच, ही कल्पना रायपुरात पहिल्यांदा ज्यांच्या डोक्यात आली ते यशवंतराव, आमचे काका, ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहतात. वय ब्याऐंशी. आज पाऱ्यातल्या पोट्ट्यांना विचाराल तर म्हणतील, "कौन, वो रेडिओवाले दादाजी?" तेवढीच ओळख उरली आहे. मला त्याचा राग येतो, पण माझ्या रागाला कोण विचारतो!

ते सरकारी रेडिओवर गाणी निवडायचे. माइकसमोर कधी बसले नाहीत. तेव्हा फर्माइशीच्या अर्ध्या तासात गाणी चार आणि बाकी नुसती नावं असायची. अमुक गावाहून तमुक, त्यांची मुलं, त्यांचे शेजारी. काका वैतागले. सुट्टीच्या दिवशी गोल बाजारात हिंडून कापडवाला काय गुणगुणतो, भांडीवाला काय गुणगुणतो, ते वहीत टिपू लागले. साहेबांना म्हणाले, "आवडलेली गोष्ट माणूस पुन्हा मागते. नावं बंद करा, गाणी लावा." साहेबांनी ऐकलं. महिनाभर शिव्यांची पत्रं आली, मग 'दहा गाणी' लागली की पानठेल्यांवर गर्दी होऊ लागली.

फक्त एक गोष्ट झाली. काकांच्या पत्नी मंदाकिनीकाकू लग्न होऊन अभनपुरहून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी गुपचूप एक पोस्टकार्ड टाकलं होतं. त्यांचं नाव गुरुवारी वाचलं जाणार होतं, आणि नावं बंद झाली त्याआधीच्या सोमवारी. काकांनी पत्रांच्या गठ्ठ्यात त्यांचं अक्षर ओळखलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. काकूंना सगळं कळलं. पुढं पन्नास वर्षं पाहुण्यांसमोर त्या हसत सांगायच्या, "दहा गाणी लावनाऱ्याले माहं एक नाव जड झालं, पाहा!" काकाही हसायचे.

मागच्या वर्षी काकू गेल्या. मूल नव्हतं. तेव्हापासून काका चहा करतात आणि प्यायचा विसरतात. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं मला म्हणाले, "चारू, तिचं नाव एकदा रेडिओवर यावं, बस. बाकी काही नाई पाह्यजे मले."

मी शहरातल्या एका एफएम स्टेशनात फोन लावला. मीनल नावाची मुलगी बोलली. तिला मराठी कळत होतं, उत्तरं हिंदीत. "भैया, फरमाइश अब नहीं होती. गानों की लिस्ट बनी-बनाई आती है, वही रिपीट होते हैं." ही पद्धत कुणी सुरू केली, हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तिनं काकांचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, काकांची मुलाखत घेऊ.

स्कूटरवर काका माझ्या मागे इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मुलाखतीत त्यांनी वीस मिनिटं 'दहा गाणी'ची हकिकत सांगितली. मी स्टुडिओच्या काचेपलीकडं कानाला हेडफोन लावून ऐकत होतो. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि एकेक शब्द सांभाळून म्हटलं, "यह गाना ब्राह्मणपारा से मंदाकिनी की फरमाइश पर." आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलत होते.

श्राद्धाच्या सकाळी त्यांनी रेडिओ मांडीवर घेतला. मुलाखत लागली. चाळीस सेकंद! त्यात काकांचं एकच वाक्य: "लोगों को नाम नहीं, गाने चाहिए." लगेच गाणं सुरू झालं. काकूंचं नाव आलंच नाही.

माझं डोकं फिरलं. तिथूनच मीनलला फोन लावला. ती बिचारी रडकुंडीला आली. "सॉरी भैया, टाइम ही उतना था. वही लाइन सबसे अच्छी लगी."

"फोन ठेव," काका म्हणाले. "काहून भांडून राहिला पोरीशी? बरोबर कापलं तिनं. मी बी तेच कापलं असतं. कापलंच होतं ना."

त्यांनी रेडिओ बंद केला. घर इतकं रिकामं मला कधी वाटलं नव्हतं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, खरं सांगतो.

"चारू, तुले तर ऐकू आलं होतं ना?"

"हव काका."

"पूर्ण?"

"पूर्ण. ब्राह्मणपारासकट."

"मंग तू म्हण. मी ऐकतो. तिनं कसं ऐकलं असतं, पाहू दे मले."

बंद रेडिओ मांडीवर धरून ते खुर्चीत नीट बसले. मला असलं काही जमत नाही. तरी म्हटलं, "यह गाना ब्राह्मणपारा से मंदाकिनी की फरमाइश पर."

काकांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पुन्हा म्हण."