ढवळीचे पहिले मालक

किसनमामा मोटारीला हाक मारल्याशिवाय तिच्याजवळ जात नसत. मागून तर कधीच नाही. समोरून यायचे, चार पावलांवर थांबायचे, "ढवळे, आलो गं" असे म्हणायचे, आणि मग बॉनेटच्या मधोमध, जिथे बैलाचे कपाळ असते अशी त्यांची समजूत होती, तिथे तळहात ठेवायचे. "जनावराला मागनं हात लावला की दचकतं," ते मला म्हणाले. ते जनावर नाही, मोटार आहे, असे सांगण्याचा धीर मला झाला नाही. शिवाय कायद्याने ती मोटार त्यांची होती. माझी नव्हती.

त्याचे असे झाले. मी आकुर्डीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. राहते घर भावाच्या नावावर, गॅसचे कनेक्शन अजूनही दिवंगत वडिलांच्या नावावर, आणि सोसायटीच्या दारावरच्या पाटीत माझ्या नावाला जागा उरली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर मी मोटार चालवायला शिकले. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही हॉर्न वाजवतच नाही." मी म्हटले, समोरच्याला वाईट वाटेल. तरीही परवाना मिळाला, आणि आयुष्यात एक तरी वस्तू आपल्या नावावर असावी, अशी एक लहानशी इच्छा माझ्या मनात घर करून बसली.

चाकणच्या रस्त्यावरील एका शोरूममध्ये मला पांढरी मोटार दाखवण्यात आली. नवी कोरी, आसनांवरचे प्लास्टिकसुद्धा तसेच, आणि तरीही स्वस्त. व्यवस्थापक तरुण आणि घाईतला होता. त्याने समजावले, "महिनाअखेरीला विक्रीचा आकडा गाठायचा असतो. गिऱ्हाईक नसलं की आम्हीच आमच्या माणसाच्या नावावर गाडी रजिस्टर करून टाकतो. कागदावर विकलेली, रस्त्यावर न फिरलेली. तुम्ही फक्त दुसऱ्या मालक व्हाल. नाव बदलून देऊ, विमा बदलून देऊ, सगळं आमचा एजंट बघेल."

मी विचारायला हवे होते की किती दिवसांत. मी विचारले की पहिले मालक कोण.

"ते काय, मामा," तो म्हणाला.

काचेच्या दाराशी धोतर, बंडी आणि पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ नारळ सोलत बसले होते. शोरूम ज्या जमिनीवर उभी होती, ते पूर्वी त्यांचे कांद्याचे वावर. जागा भाड्याने देताना त्यांनी एकच अट घातली होती: तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीपुढचा नारळ त्यांच्या हाताने फुटेल. कर्मचाऱ्यांची नावे वापरून संपल्यावर व्यवस्थापकाने मामांचे आधार कार्ड वापरायला सुरुवात केली. अशा रीतीने, सायकलही न चालवणारे किसनमामा कागदोपत्री मोटारींचा एक कळप बाळगून होते, आणि त्यांना तो मान्य होता. ते रोज एसटीने येत.

नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली, माझा हार घातलेला फोटो निघाला. मग मामांनी दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या हातात ठेवली आणि दुसरी बंडीच्या खिशात टाकली.

"ती..." मी म्हटले.

"ही ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. आमच्यात बैल इकला तरी दावं देत न्हाईत. दावं दिलं की गोठ्याची बरकत जाती."

मी मान हलवली. नकार देणे मला कधीच जमलेले नाही. नकार द्यायचा आहे हे लक्षात येईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

घरी येऊन मी विम्याची कागदपत्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मला झोप लागेना. पॉलिसी किसनमामांच्या नावाने होती. विमा कंपनीत फोन केल्यावर एका मुलीने फार मायेने सांगितले, "मॅडम, गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत नाव बदलून घ्या. नाहीतर गाडीचं काही नुकसान झालं तर तुम्हाला भरपाई मागता येणार नाही. कुणाला धडक बसली तर नोटीस जाईल त्या काकांना. आणि चोरी झाली तर दोन्ही किल्ल्या लागतील. आहेत ना दोन्ही?"

"एक आहे," मी म्हटले. "दुसरी दावं म्हणून ठेवली आहे."

तिने विचारले, आणखी काही मदत करू का.

मी एजंटाला फोन करीत राहिले. एजंट म्हणे, सही मामांची अडली आहे. व्यवस्थापक म्हणे, "मामांना जास्त बोलता येत नाही मॅडम, जागा त्यांची आहे. जरा समजून घ्या." आणि मामा दर रविवारी आकुर्डीला येत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ढवळीला हाक मारत, तिच्या चाकांत वाकून पाहत, टाकीचे झाकण उघडायला लावून विचारत, "खाती का नीट?" मी चहा करी. सही करता का, हे वाक्य मी रोज रात्री पाठ करी आणि रविवारी त्याऐवजी विचारी, साखर चालते का.

"चालती की," मामा म्हणत. "ताई, तुमी फार कमी बोलता. जनावराला मालकाचा आवाज कळाया पायजे. न्हाईतर ते कुनाच्याबी मागं जातं."

चौदा दिवस केव्हाच सरले. भाद्रपदातल्या अमावास्येच्या सकाळी मी खाली उतरले, तर ढवळीची जागा रिकामी होती. तिथे तेलाचा एक ठिपका होता आणि त्याकडे पाहणारे एक मांजर.

मी पोलीस चौकीत गेले. हवालदार सभ्य होते. त्यांनी नंबर विचारला, मोबाइलवर टाकला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"मालकाचं नाव किसन येतंय. हे तुमचे कोण?"

"कुणी नाहीत."

"मग त्यांची गाडी चोरीला गेली, तर तक्रार त्यांनी द्यायची ना मॅडम. तुम्ही का?"

मी पावती दाखवली. ती त्यांनी आदराने वाचली आणि परत दिली. "पैसे तुम्ही दिलेत, बरोबर आहे. पण नाव त्यांचं आहे. फोन लावा बघू त्यांना."

मी लावला. हवालदारांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून हलगीचा आवाज येत होता.

"मामा, मी चौकीतून बोलतोय. पांढरी गाडी कुठंय?"

"घरी हाय की," मामा म्हणाले. "आज आमच्याकडचा भादवी पोळा न्हाई का? पयला सण हाय तिचा. जावयाला घिऊन सकाळीच आनली. ताई झोपल्या व्हत्या, म्हनलं कशाला उठवायचं."

हवालदारांनी फोन बंद करून माझ्याकडे सरकवला. "मालकानं स्वतःची गाडी स्वतःच्या किल्लीनं स्वतःच्या घरी नेली. यात मी धरू कुणाला?" मग त्यांना काहीतरी सुचले, आणि ते सुचल्याचे त्यांनाच वाईट वाटलेले दिसले. "उलट कागद बघितला मॅडम, तर इतके दिवस तुम्हीच दुसऱ्याची गाडी वापरताय." माझा चेहरा पाहून ते घाईने म्हणाले, "मी काही लिहून घेत नाही. जाऊन या. पुरणपोळी असेल."

बस चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत अडकली. खिडकीशी बसून मी एकच वाक्य मनात घोळवीत होते. ते वाक्य आज बोलले नाही, तर ही मोटारही गॅसच्या कनेक्शनसारखीच दुसऱ्याच्या नावाने माझ्या घरात जन्म काढणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

मामांचे घर कारखान्यांच्या मागे, एका उंच पत्र्याच्या कुंपणाला लागून होते. अंगणात तिघे एका ओळीत उभे होते: डावीकडे खिलारी बैल, उजवीकडे खिलारी बैल आणि मध्ये ढवळी. बैलांची शिंगे हिंगुळाने रंगवली होती. ढवळीला शिंगे नसल्यामुळे तिचे दोन्ही आरसे रंगवले होते. टपावर झूल होती, नंबरपाटीवर घुंगुरमाळ होती, आणि पुढच्या दोन चाकांच्या वर हळद-तूप चोळलेले होते.

"खांदेमळनी आदल्या दिशी असती," मामा म्हणाले, "पर तिची आज उरकली. या ताई, बसा. जावई, चटई आना."

मी बसले नाही. मिरवणुकीसाठी गावातली बरीच मंडळी जमली होती आणि सगळी माझ्याकडे पाहत होती. मी वाक्य बोलले. ते बैलालाही ऐकू गेले नसावे.

"काय म्हनला?"

"मामा," मी म्हटले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "ही गाडी मला माझ्या नावावर हवी आहे."

हलगी थांबली. डावीकडच्या बैलाने मान हलवली. मामांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"येवढंच पायजे व्हतं," ते म्हणाले. "शोरूमवाल्यानं मागितली, येजंटानं मागितली. घेनारीनं एकदाबी न्हाई. आमच्यात घेनारानं दारात यिऊन तोंडानं मागावं लागतं. मुक्या मानसाला मुकं जनावर दिलं तर दोघंबी उपाशी मरत्यात, असा आपला इचार. आना कागद."

कागद माझ्या पर्समध्ये होते, रोजच असत. मामांनी ते बॉनेटवर ठेवून, हळदीच्या बोटांनी, जिथे जिथे खूण केली होती तिथे तिथे सही केली. पुढे परिवहन कार्यालयातल्या बाईंनी तो पिवळा डाग पाहून विचारले, लग्नघरातून आलात का. मी जवळजवळ हो म्हटले.

मग मामांनी बंडीतून दुसरी किल्ली काढली, तिचा काळा गोफ सोडवून स्वतःकडे ठेवला आणि किल्ली मला दिली. "चला. मारुतीला फेरी घालायची हाय. हाका तुमी."

पुढे हलगी, मागे बैल आणि बैलांच्या मागे मी, पहिल्या गिअरमध्ये. ढवळीच्या नाकाला बांधलेला कासरा धरून मामा पुढे चालत होते. त्या घटकेला मोटार कुणाची होती, विमा कुणाचा होता आणि माझी कुणाला धडक बसली असती तर नोटीस कुणाला गेली असती, याचा विचार करण्याची माझी हिंमत नव्हती. देवळाच्या वळणावर एक माणूस रस्त्यात उभा राहून फोनवर बोलत होता. मी हॉर्न वाजवला. मामांनी मागे वळून पाहिले आणि फक्त मान डोलावली.

महिन्याभरात मोटार आणि विमा दोन्ही माझ्या नावावर झाले. मालकांच्या क्रमात मी दुसरी. पुढे दर भाद्रपदात मामांचा फोन येई: "येती का?" 'ती' म्हणजे ढवळी. मी केवळ तिला घेऊन जाणारी. गेल्या हिवाळ्यात मात्र जावयाचा फोन आला. मामा पहाटे गोठ्यात गेले ते तिथेच बसून राहिले होते. मी दहाव्याला गेले, तेव्हा अंगणातल्या खुंटीवर दाव्यांच्या शेजारी किल्ल्यांचे गोफ टांगलेले दिसले. त्यांतला ढवळीचा काळा कोणता, ते मी ओळखले.

गुडघे दुखू लागल्यामुळे यंदा ढवळी विकायला काढली. वाकडचा एक मुलगा आला. आयटीत आहे, माण गावात कचेरी. फोनवरच सगळे ठरवून, पैसे पाठवून तो किल्ल्या न्यायला दारात उभा राहिला. कागद तयार होते. माझ्या सह्या मी आदल्याच दिवशी करून ठेवल्या होत्या. विम्याच्या नावाबदलाचा अर्जही भरून दिला होता. तरी मी दार अडवून उभी राहिले.

"मागा," मी म्हटले.

"काय काकू?"

"गाडी. तोंडाने."

तो घुटमळला. जिन्यातून जाणाऱ्या शेजाऱ्यांकडे त्याने पाहिले, कानांतली यंत्रे काढली आणि म्हणाला, "मला ही गाडी हवी आहे."

दोन्ही किल्ल्या मी त्याला दिल्या. माझ्या किल्लीचा गोफ तेवढा काढून घेतला. ढवळीपाशी समोरून कसे जायचे ते दाखवले. मग त्याच्या फोनमध्ये भाद्रपदातली अमावास्या नोंदवून घ्यायला लावली.

"त्या दिवशी काय असतं?" त्याने विचारले.

"विशेष काही नाही," मी म्हटले. "मी सकाळी येईन तिला न्यायला."