रिकाम्या घराला विचारणारी

वसईच्या किल्ल्यात समुद्राच्या बाजूला पोर्तुगीज सरदारांच्या हवेल्या आहेत. छपरं केव्हाच गेली, भिंती आणि कमानी तेवढ्या उरल्यात. मी रोज सकाळी तिथे फिरायला जाते. ताडगोळे विकणारी एक म्हातारी त्यातल्या एका हवेलीत सावलीला बसते. आत जाण्याआधी ती चपला उंबऱ्याबाहेर काढते, पदर सारखा करते आणि रिकाम्या घराला विचारते, "येव का आत?" मला गंमत वाटायची.

परवा त्याच घरात एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. फोटोग्राफर बुटांसकट कोनाड्यात चढलेला, आणि नवरदेव खिळ्याने भिंतीवर बदाम कोरत होता! माझं डोकंच फिरलं. तरातरा आत गेले.

"तुमच्या बापाचं घर आहे का हे? दुसऱ्याच्या घरात असं वागतात?"

"चिल, आंटी. इथे कोण राहतं?" नवरदेव हसला.

म्हातारी कोपऱ्यात ताडगोळे सोलत होती. ती तरी माझी बाजू घेईल म्हणून मी वळले. तिची सुरी थांबली होती आणि नजर माझ्या पायांवर होती.

"तू तरी कुठं इचारलंस, बाय? बूट पन पायातच हायत."