बोर्डाकडे पाठ

आमच्या टीममधल्या अकरापैकी नऊ जणांना आत्याने कधी ना कधी शिवलेलं आहे. उरलेले दोघं अजून नवीन आहेत, एवढंच.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लोखंड ओतायच्या कारखान्यात नर्स आहे, सत्तावीस वर्षं. भट्टीच्या मागे तिची ड्रेसिंगची खोली: एक खाट, एक बेसिन, एक काचेचं कपाट, आणि आरसा नाही, कारण भाजलेल्या माणसाने लगेच स्वतःचं तोंड बघू नये असं तिचं मत. डोळ्यात गेलेले लोखंडाचे कण काढणं, तुटलेलं बोट बर्फात घालून माणसासोबत पाठवणं, आणि टाके. तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणतात, पाठीमागे टाकेवाली. तिला दोन्ही माहीत आहे. लग्न केलं नाही. आई एकदा म्हणाली, अहो वन्सं, एकटं वाटत नाही का, तर म्हणाली, "दिवसभर पुरुषांचं रडणं ऐकते, घरी अजून एक कशाला?"

कारखान्याची फुटबॉल टीम दरवर्षी राष्ट्रीय कपमध्ये नाव देते. अगदी तळातल्या टीमला पण नाव देता येतं, पण एक मॅच हरलात की संपलं, घरी जा. आम्ही दरवर्षी पहिल्याच मॅचला घरी जायचो. या वर्षी नाही गेलो, आणि ते का नाही हे सांगायला दादापासून सुरुवात करावी लागेल. माझा सख्खा भाऊ. साचे बनवायच्या खात्यात काम करतो, टीमचा कॅप्टन, बचावात मधोमध उभा राहतो आणि हवेतून येणारा प्रत्येक बॉल डोक्याने परत पाठवतो. बॉल नसला तर दुसऱ्याचं डोकं.

आत्या टीमबरोबर बाकावर बसायची ती एका अटीवर. खूप वर्षांपूर्वी कारखान्यात एकाला क्रेनचा हुक डोक्याला लागला होता. रक्त नाही, काही नाही. तो म्हणाला सिस्टर मी एकदम ठीक, ही म्हणाली बरं जा मग. तो पाळी संपवून घरी गेला, झोपला, उठलाच नाही. त्यानंतर डोक्याला लागलेल्या प्रत्येकाला ती प्रश्न विचारते, आज वार कुठला, पाळी कुठली. उत्तर चुकलं की खाटेवर आडवा. मैदानावर प्रश्न एकच: स्कोर किती? फोरमनकाका, म्हणजे आमचे कोच, त्यांना तिने स्पष्ट सांगून ठेवलेलं. "मी बाहेर म्हटलं की बाहेर. मला पटवायला यायचं नाही." ते हो म्हणाले. तेव्हा आम्ही पहिल्या मॅचला हरणारी टीम होतो ना, हो म्हणायला काय जातंय.

पहिली मॅच घरच्या मैदानावर. दहाव्या मिनिटाला आमच्या गोलकीपरचा कान निम्मा फाटला, लोंबत होता अक्षरशः. आत्याने त्याला गोलच्या खांबाला टेकवून बसवलं आणि तिथेच चार टाके घातले. तो ओरडतोय, "सिस्टर, इंजेक्शन तरी द्या!" ती म्हणते, "इंजेक्शन चढेपर्यंत दोन गोल खाशील, गप बस." आम्ही एक शून्य जिंकलो.

दुसरी मॅच बाहेरगावी. तिथले लोक आम्ही गोल केल्यावर सरळ मैदानात घुसले, कोपऱ्यातला झेंड्याचा बांबू उपटून एकाने आमच्या विंगरच्या पाठीत घातला, मोडला तो बांबू. निघताना बसवर दगड. आत्या बसच्या मधल्या जागेत गुडघ्यावर बसून एकेकाच्या केसांतून काचा वेचत होती आणि सगळे रक्ताळलेल्या तोंडाने गाणी म्हणत होते. तिसऱ्या मॅचनंतर तर कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात दोन्ही टीम भिडल्या, बूट काढून बुटांनी मारामारी, खिळ्यांच्या बाजूने. दादाच्या भुवईवर सात टाके. मला पण मजा वाटत होती. खोटं कशाला बोलू, मी स्टँडमध्ये उभी राहून "मार, मार" ओरडत होते, घसा बसेपर्यंत. आम्ही जिंकत होतो!

मग उपांत्यपूर्व सामना, परत घरी. आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरची टीम. आम्ही दोन एक पुढे, शेवटची पंधरा मिनिटं, आणि दादा आणि त्यांचा तो उंच स्ट्रायकर एकाच बॉलवर उडाले. आवाज आला. नारळ फुटतो तसा, मला अजून ऐकू येतो. स्ट्रायकरचं नाक सपाट झालं, दादा पाठीवर पडला, हात हवेत ताठ. आत्या धावत गेली. गुडघ्यावर बसली, त्याची हनुवटी धरली. दादाने डोळे उघडले, तिने विचारलं, त्याने उत्तर दिलं, ती उठली आणि अंगठा वर केला. सगळं मैदान पेटलं. दादा उरलेला वेळ खेळला, गोलरेषेवरून एक बॉल तोंडाने अडवला. जिंकलो.

मी पळत खाली गेले मिठी मारायला. दादा बाकावर बूट बांधत बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "चल ना, उशीर झाला, मॅच किती वाजता आहे?"

मला वाटलं चेष्टा करतोय. आत्या हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला मैदानावर घेऊन गेली. दादा पडला होता ती जागा सापडली, गवतावर अजून तपकिरी डाग होता. म्हणाली, "झोप तिथे." मी झोपले. ती काल बसली होती तशीच बसली, माझी हनुवटी धरली. "काय दिसतंय?"

तिच्या खांद्यावरून मला स्कोरबोर्ड दिसत होता. पत्र्याचा, पांढऱ्या रंगाने मोठ्ठे आकडे. दोन. एक. कोणी उतरवले पण नव्हते.

"बोर्डाकडे माझी पाठ होती," आत्या म्हणाली. "तो वाचत होता गं. मी प्रश्न विचारला आणि वर उत्तर पण दाखवलं." आणि ती तिथेच गवतावर बसून राहिली, सत्तावीस वर्षं लोकांची तुटलेली बोटं हातात धरणारी बाई.

उपांत्य सामन्याला सोळा दिवस होते. आत्याने घरी येऊन सांगितलं, याला खेळवू नका. दादा भडकला. "आत्या, आयुष्यात एकदा येतं हे! एकदा!" कारखान्याच्या डॉक्टरने तपासलं, फिट आहे असं लिहून दिलं. दादा म्हणायचा डोकं दुखत नाही, पण मी त्याला अंधाऱ्या खोलीत उशी तोंडावर दाबून बसलेला पाहिलं होतं, आणि कोणाला सांगितलं नाही. दादाने सांगू नको म्हटलं म्हणून. हे लिहिताना सुद्धा मला माझ्याच कानफटात मारून घ्यावीशी वाटतेय.

कागद बघून शेवटी आत्या म्हणाली, "बरं. खेळ. पण पडलास तर मी येणार, आणि मी विचारणार."

"विचार की," दादा म्हणाला. "स्कोर तर माहीतच असतो."

उपांत्य सामना दुपारी, देशातल्या एका मोठ्या क्लबच्या स्टेडियमवर. चाळीस हजार माणसं. नऊ बस भरून आलेली आमची माणसं एका कोपऱ्यात, मधे जाळी, आणि जाळीवरून नाणी, बॅटऱ्या, एक चप्पल. माझ्या शेजारच्या काकांचं कपाळ फुटलं तर ते रक्त पुसून परत ओरडायला लागले. मैदानात त्याहून वाईट. त्यांना हुकूमच होता बहुतेक, कॅप्टनला मोडा. विसाव्या मिनिटाला त्याच्या घोट्यावर बूट. तिसाव्याला बरगडीत गुडघा. दादाने पण सोडलं नाही, एकाला असा आडवा केला की त्याला उचलून न्यावं लागलं. स्कोर एक एक. सत्तर मिनिटं झाली.

कॉर्नर. दादा उडाला आणि त्यांच्या एकाने कोपर मागे फेकलं, बॉलकडे न बघता, सरळ कानशिलावर. दादा उभ्याचा दगडासारखा खाली.

आत्या धावली. पोहोचली आणि थबकली, मी वरून बघत होते, तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्या स्टेडियमला दोन्ही टोकांना बोर्ड होते. घराएवढे, दिव्यांचे. कुठेही तोंड करून बसली तरी एक दिसणारच. मग ती बसली, आणि तिने डाव्या हाताचा तळवा दादाच्या डोळ्यांवर ठेवला. घट्ट दाबून.

पुढचं मला गोलकीपरने सांगितलं, तो शेजारीच उभा होता.

"स्कोर किती?"

"हात काढ."

"स्कोर किती, राजा?"

"आत्या, हात काढ, दिसत नाहीये!"

"डोळ्यांनी नाही सांगायचं. डोक्याने सांग."

दादाने तिचं मनगट ओढून पाहिलं. मग म्हणाला, "दोन एक. आपण पुढे."

ती उठली आणि दोन्ही हातांनी खूण केली: बाहेर. दादा उठला आणि त्याने तिला मारलं. मूठ वळून, तोंडावर. तिचा वरचा ओठ फाटला, पुढचा दात तुटून गवतावर पडला. चाळीस हजार लोकांसमोर, आपल्या आत्याला! ती पडली नाही. तोंडातून रक्त गळतंय आणि फोरमनकाका धावत आलेत, "सिस्टर, वीस मिनिटं, फक्त वीस मिनिटं!" आणि ती म्हणतेय, "बदली पाठवा नाहीतर दहा जण खेळवा. मला पटवायला यायचं नाही ठरलंय." दादाला तिघांनी धरून नेलं, तो लाथा मारत होता.

आम्ही एकोणनव्वदाव्या मिनिटाला हरलो. बॉल हवेतून आला, बरोब्बर दादाच्या जागी, बदली पोरगा चुकला. दोन एक.

बाहेर आमच्याच लोकांनी आमच्या बसवर दगड मारले. आमच्याच! दादाचं उत्तर तोवर सगळ्यांपर्यंत पोचलं होतं, एक जण खिडकीशी येऊन ओरडला, "टाकेवाले, पोरगा बरोबरच सांगत होता की! दोन एक!" आणि आजूबाजूचे हसले. आत्या दादाच्या शेजारी बसली होती, ओठावर कापूस, दोन बोटांनी त्याची पापणी उघडून बघत. तो तिच्याशी बोलत नव्हता. मग त्याने तिच्या मांडीवर उलटी केली. आत्याने दुसरी पापणी उघडली. एक बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, एक बटणाएवढी.

"हॉस्पिटल," ती ड्रायव्हरला म्हणाली. "सिग्नल बघू नका."

कवटीला भोक पाडून रक्त काढलं. सर्जन बाई म्हणाली, अजून वीस मिनिटं खेळला असता किंवा अजून एक हेडर मारला असता तर मी याला तपासलं नसतं, नुसता मृत्यूचा दाखला लिहिला असता.

हे गावात कोणाला ऐकायचं नव्हतं. आत्याच्या घराच्या सगळ्या काचा फोडल्या. ड्रेसिंगच्या खोलीच्या दारावर डांबर फासलं. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली, मी सोबत होते. पहिला पेशंट आला तो भट्टीवरचा एक आडदांड गडी, तळहाताला फडकं गुंडाळलेलं. कापलेलं दोन दिवसांपूर्वीचं, सुजलेलं. आत्याने चिमट्याने आतून एक काचेचा तुकडा काढला, उजेडात धरला. निळसर, नक्षीची काच. तिच्या न्हाणीघराची.

तो घामाघूम.

"टाके पडतील," आत्या म्हणाली. दात नसल्यामुळे बोलताना शिट्टी वाजत होती. "बधिर करायचं इंजेक्शन संपलंय." तिच्या मागे कपाटात पूर्ण खोका होता, मला दिसत होता, त्याला पण दिसत होता. सहा टाके. अगदी सुबक. तो खाटेची कड चावत होता. शेवटी म्हणाली, "आठ दिवसांनी काढायला ये. आणि येताना खिडकीचं माप घेऊन ये."

आला. काच पण लावून गेला.

फायनलच्या दिवशी दादा अजून वॉर्डमध्येच होता. डोकं भादरलेलं, आणि तीन आठवड्यांत आत्याशी एक शब्द नाही. ती रोज यायची, ताप बघायची, जायची. आई त्याला म्हणायची अरे बोल तिच्याशी, तर तो भिंतीकडे तोंड करायचा. त्या दुपारी सगळा वॉर्ड टीव्हीसमोर गोळा झालेला, आम्हाला हरवलेला तो क्लब खेळत होता. दादा पण बघत होता. आम्ही असतो तिथे, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं.

आत्या आली. पिशवी ठेवली. आणि सरळ टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, पाठ टीव्हीकडे, पूर्ण झाकून. मागून लोक ओरडले, ओ बाई, सरका. ती हलली नाही.

"स्कोर किती?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. तिच्या ओठावरच्या त्या वेड्यावाकड्या व्रणाकडे. तो तिने स्वतःच शिवला होता, बसमधल्या आरशात बघून.

"शून्य शून्य," तो म्हणाला. "अठ्ठावीस मिनिटं झालीत. आणि त्यांचा तो कोपरवाला आज बाकावर बसलाय." मग त्याने उशीवरून मान वाकडी केली. "आता बाजूला हो ना आत्या, दिसत नाहीये."

ती बाजूला झाली. त्याच्या खाटेच्या कडेवर बसली आणि फायनल बघायला लागली.